लाल डब्याचं चाक

फॉर्मावर 'व्यवसाय' असा रकाना आला की आमच्या घरी भांडण ठरलेलं. आमचे हे परस्पर 'गृहिणी' लिहून मोकळे होतात. मी ते खोडते. खोडल्यावर पेन हातात धरून विचार करत बसते, आणि काउंटरपलीकडची बाई म्हणते, "आजी, मागे लाइन आहे." मग मी नुसतं 'दुरुस्ती' लिहिते. कसली दुरुस्ती ते कोणी विचारत नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं की बाई गं, मी आगगाडीची चाकं कापते. खेळण्यातल्या आगगाडीची. एका जातीच्या रुळांवर धावणारे डबे मी दुसऱ्या जातीच्या रुळांवर धावायला लावते. मुंबईत हे काम करणारे मोजायला एका हाताची बोटंसुद्धा जास्त होतील, आणि त्यात साडी नेसून करणारी मी एकटीच.

या अंकासाठी लिहा म्हणून फोन आला तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं. माझ्या हाताला पेनापेक्षा कानस बरी. पण हे म्हणाले, "लिही गं. निदान लोकांना कळेल तरी तू दिवसभर खिडकीत बसून काय करतेस. खालच्या जोशीबाईंना वाटतं तू दागिने वितळवतेस." म्हणून लिहिते. जोशीबाई, वाचताय ना?

माझे वडील घड्याळजी. घर लालबागला, दुकान ठाकूरद्वारला, जिन्याखाली. दुकान म्हणजे काय, एक माणूस आत बसला की दुसऱ्याने बाहेर उभं राहायचं. आमच्या घराण्यातले सगळे मालवणहून येऊन गिरणीत लागले, एकटे बाबा घड्याळांत शिरले. मला भाऊ नाही. शाळा संपली तशी मी दुकानात बसायला लागले, तेव्हा आई कपाळाला हात लावून म्हणाली, "आता चेडवान घड्याळां उघडूची?" बाबा म्हणाले, "तिची बोटां बघ. माझ्यापेक्षा बारीक आसत." विषय संपला.

बाबांच्या दोन सवयी होत्या. पहिली अशी की घड्याळ दुरुस्त झालं की झाकणाच्या आतल्या बाजूला सुईने बारीक खूण करायची. तारीख आणि काय केलं ते दोन अक्षरांत. पुढे कधी दुसऱ्या कारागिराने झाकण उघडलं तर त्याला कळावं, आधी कोणाचा हात लागून गेलाय. जुन्या घड्याळांत अशा चार-चार, पाच-पाच खुणा सापडतात. कोण कुठले कारागीर, कधीचे मेलेले, पण त्यांची अक्षरं आत बसलेली असतात.

दुसरी सवय म्हणजे गिऱ्हाइकाला दोन प्रश्न विचारायचे. 'काय करायचं?' हा पहिला. तो सगळेच विचारतात. त्यानंतर बाबा विचारायचे, 'आणि ठेवायचं काय?' नवीन गिऱ्हाईक गोंधळायचं. हा प्रश्न बाबा आईच्या पोटातून शिकून आले नव्हते. जवळच्या वाडीतल्या एका कारकुनाचं भिंतीवरचं घड्याळ त्यांनी साफ करून दिलं होतं. ते पाच मिनिटं पुढे जात होतं, ते बाबांनी आपणहून अगदी बरोबर लावून दिलं. चार दिवसांनी गृहस्थ तणतणत हजर. घरातली सगळी माणसं लेट! त्या घरात तीस वर्षं सगळे त्या पाच मिनिटांच्या हिशेबाने उठत होते, जेवत होते, कामाला पळत होते. "अहो, ती पाच मिनिटं माझ्या वडिलांनी लावून ठेवली होती," तो म्हणाला, आणि बाबा सांगायचे की तो रडायच्या बेतात आला होता. तेव्हापासून दुसरा प्रश्न.

हे सगळं एवढ्या पाल्हाळाने सांगतेय त्याला कारण आहे. थांबा जरा.

पुढे सेलची घड्याळं आली, मग मोबाईल आले, आणि लोक मनगटाकडे बघायचेच बंद झाले. बाबा गेले. मी दुकानात माशा मारत बसायची. अशात एक दिवस दादरचे एक दाताचे डॉक्टर आले. खिशातून रुमाल काढला, रुमालातून एक वीतभर लांबीचा आगगाडीचा डबा काढला आणि काचेवर ठेवून म्हणाले, "याला काहीतरी बाधा आहे हो."

मला वाटलं थट्टा करतायत. पण गृहस्थ गंभीर. परदेशातून जुने डबे मागवले होते. हा डबा रुळावर ठेवला की इंजिन थांबतं, दिवे जातात, विजेचा खोका तापतो. उचलला की सगळं ठीक. त्यांच्या आईने तर डब्याची दृष्टसुद्धा काढली होती, मीठ-मोहरीने. शिकला-सवरलेला माणूस, पण काय करणार!

दोन दिवस मी तो डबा भिंग लावून उलटा-सुलटा बघितला, तेव्हा कुठे बाधा सापडली. तुम्हालाही सांगते, सोपं आहे. या गाड्यांच्या मुख्य दोन जाती. आमच्या दुकानातली नावं दोनवाली आणि तीनवाली. दोनवालीला दोनच रूळ. एकातून वीज येते, दुसऱ्यातून परत जाते. एकमेकींशी न बोलणाऱ्या दोन जावाच त्या, भेट झाली की भडका. म्हणून दोनवालीच्या डब्यात डावं चाक आणि उजवं चाक यांच्या मध्ये कुठेतरी प्लास्टिक असतं. तीनवालीत वीज येते मधल्या वाटेने, आणि बाहेरचे दोन्ही रूळ एकाच घरचे. तिथे जावांचं गूळपीठ आहे, म्हणून चाक, मधली दांडी, परत चाक, सगळं सलग धातूचं असलं तरी कोणाचं काही बिघडत नाही. पण तोच डबा आणून दोनवालीवर ठेवा, की त्या दांडीने दोन जावांना समोरासमोर आणलंच म्हणून समजा.

उपाय काय? एक चाक दांडीवरून उपटायचं, त्याचं भोक मोठं करायचं, त्यात नायलॉनची बांगडी बसवायची आणि चाक पुन्हा दांडीवर दाबून बसवायचं. लिहायला एक ओळ लागते. पण चाक केसभर तिरकं बसलं तर डबा गुत्त्यातून सुटलेल्या माणसासारखा चालतो. शिवाय चाक रुळावरून उतरू नये म्हणून आतल्या बाजूला जी कड असते, ती जुन्या तीनवाल्या डब्यांत फार खोल असते. नव्या रुळांवर ती खाली घासते. ती लेथवर उतरवावी लागते. एवढं बारीक लेथ असतं घड्याळजीकडे. झालं! बाबांचं लेथ होतं, माझी बोटं होती. डॉक्टरांचा डबा धावला. त्यांनी मला दात कोरायच्या मशीनची झिजलेली टोकं आणून दिली, ती भोकं मोठी करायला अजून वापरते. वर म्हणाले, "ताई, तुमचं आणि माझं काम एकच. फक्त तुमचं गिऱ्हाईक ओरडत नाही."

डॉक्टरांनी आणखी चौघांना सांगितलं, त्या चौघांनी आणखी. या लोकांचं एक गुप्त गावच असतं. मोठमोठ्या ऑफिसांतली, केस पांढरे झालेली माणसं, आणि डबा नीट धावला की टाळ्या पिटतात. माहीमच्या एका बाई आहेत, त्या दसऱ्याला सगळ्या इंजिनांना झेंडूची एक-एक पाकळी वाहतात. फूल मावत नाही म्हणून पाकळी. ठाकूरद्वारची इमारत पाडली तेव्हा लेथ मी घरी आणलं. आता लालबागला नवव्या मजल्यावर खिडकीशी माझं टेबल आहे. टेबलावर दोन छोटी रिंगणं कायम मांडलेली, एक दोनवालीचं, एक तीनवालीचं. आणि चहा करायला आमचे हे. बसवर कंडक्टर होते, त्यामुळे गिऱ्हाइकांना "पुढे सरका, पुढे सरका" करत बसवतात.

त्या खोलीत एके दिवशी परब काका आले. सुनेचा हात धरून. वय ऐंशीला टेकलेलं, पांढरा शर्ट, काळा चष्मा. काचबिंदूने नजर गेली होती, उजेड आणि सावली एवढंच कळायचं. सून स्मिता, ऑफिसातून अर्धी सुट्टी टाकून आलेली. हातात बिस्किटांचा पत्र्याचा डबा, आणि त्यात जुन्या लुगड्याच्या तुकड्यांत गुंडाळलेले पाच डबे.

काका रेल्वेत चाकं वाजवायचे. वाजवायचे म्हणजे खरंच वाजवायचे. लांब दांड्याची हातोडी घेऊन उभ्या गाडीच्या कडेने चालत जायचं आणि प्रत्येक चाकावर एक ठोका द्यायचा. चांगलं चाक घंटेसारखं वाजतं. चीर गेलेलं चाक बद्द बोलतं, तडकलेल्या माठासारखं. त्यांच्या तरुणपणी एक जर्मन इंजिनीअर चाकं तपासायचं मशीन बसवायला आला होता. मशीनने पास केलेल्या एका चाकावर काकांनी ठोका दिला आणि म्हणाले, "ह्या चाक मेला." साहेब हसला. मग चाक कापून बघितल्यावर हसायचा थांबला. जाताना त्याने स्वतःची खेळण्यातली गाडी काकांना देऊन टाकली. इंजिन, पाच डबे, रूळ, सगळं तीनवालीचं.

ते इंजिन आता जळलं होतं. मीही उघडून बघितलं, पण गेलं ते गेलंच. काकांच्या मुलाने ठरवलं होतं की वडिलांच्या सहस्रचंद्रदर्शनाला नवं इंजिन आणि नवे रूळ घेऊन द्यायचे. नवीन मिळालं ते दोनवालीचं. काकांची एकच अट होती, डबे मात्र जुनेच लागतील.

मी ते पाचही डबे माझ्या तीनवालीच्या रिंगणावर माझ्या इंजिनाला लावून बघितले. पहिले चार सुरळीत गेले. शेवटचा गार्डाचा लाल डबा, हाताच्या पंजाएवढा, चारच चाकांचा, तो मात्र टिक टिक टिक करत गेला. काकांनी मान तिरकी करून ऐकलं. मी मनात म्हटलं, चाकं वाजवणारा माणूस, याला दोष कळला. बिचाऱ्याला लाज वाटली असेल.

"ताई," ते म्हणाले, "चाकांना फार हात लावू नका."

मला हसूच आलं. "काका, चाकांनाच हात लावायचाय. बाकीच्या डब्याला काय मी पावडर लावू?"

तेही हसले. "तसा नाय. लागेल तेवढाच लावा."

आता कबूल करते. त्या दिवशी मी 'काय करायचं?' विचारलं आणि दुसरा प्रश्न विचारला नाही. विसरले नव्हते. गरज वाटली नाही. इतकी वर्षं हात चालवल्यावर माणसाला वाटायला लागतं की काय ठेवायचं आणि काय काढायचं ते आपल्यालाच कळतं. गर्व, दुसरं काही नाही.

लाल डबा भिंगाखाली घेतला. मागच्या एका चाकाच्या धावेवरचा, म्हणजे रुळाला टेकणाऱ्या पट्टीवरचा, एक टवका उडालेला, तांदळाच्या कणीएवढा. तेवढीच जागा रुळावर आली की टिक. कड तशीही उतरवायचीच होती, चाक लेथवर होतंच. मी धावेवरूनही हात फिरवला. टवक्याची खूण नाहीशी होईपर्यंत फिरवला. इतकं गोल झालं ते चाक की मी ह्यांना हाक मारून दाखवलं. दोनवालीच्या रिंगणावर गाडी सोडली. लोण्यातून सुरी.

हे म्हणाले, "टिकटिक गेली की गं."

"गेलीच पाहिजे. इतकी वर्षं काय झक मारली?"

डब्याखाली सुईने तारीख टाकली आणि शेजारी 'गोल केलं' असं लिहिलं. तेही हौसेने.

काका न्यायला आले. मी गाडी सोडली. ते खुर्चीत पुढे झुकून बसले, कान टेबलाशी. एक फेरी झाली, दोन झाल्या, तीन झाल्या.

"ताई, डबे किती लावलेत?"

"पाच."

"पाच?"

"मोजून घ्या ना," मी जरा फणकाऱ्यानेच म्हणाले.

मी गाडी थांबवली. त्यांनी हात पुढे केला आणि बोटांनी चाचपत एक-एक डबा मोजला. शेवटच्या लाल डब्यावर बोटं थांबली. अंगठ्याच्या नखाने त्यांनी चाकावर बारीक टिचकी मारली, ऐकली. "हो, पाच आसत," ते म्हणाले. मग म्हणाले, "काम एक नंबर केलात. चाक इतका गोल मी जन्मात ऐकूक नाय." चहा अर्धा टाकून उठले. मी त्या कौतुकाने आठवडाभर फुगले होते.

सहस्रचंद्रदर्शन झालं. पेढे आले. त्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी स्मिताचा फोन. "मावशी, तुमच्या कामाबद्दल तक्रार नाहीये हां. पण बाबा गाडी लावतच नाहीत. पूर्वी रोज संध्याकाळी लावायचे. आता आम्ही लावली तरी दोन मिनिटांत बंद करा म्हणतात. जेवणसुद्धा कमी झालंय. आम्हाला काही कळत नाहीये."

तक्रार नाहीये म्हणे! माझ्या कामात खोट निघाल्याशिवाय कोणी असा फोन करतं? मी तडक हत्यारांची पेटी भरली. हे दारात चपला पुढे करत म्हणाले, "अगं, त्या डब्याचा आवाज तू घालवलास, त्याचं तर काही नसेल?"

"आवाज म्हणजे दोष असतो."

"मग आपल्या पंख्याची करकर दुरुस्त करायला का देत नाहीस?"

"त्याशिवाय मला झोप येत नाही म्हणून."

ह्यांनी चपला माझ्या पायापुढे सरकवल्या. मी टॅक्सीत बसले, आणि अँटॉप हिल येईपर्यंत माझंच ते वाक्य काही पाठ सोडेना.

सरकारी कॉलनीतलं घर. बाहेरच्या खोलीत एका कॉटवर नवे रूळ मांडलेले, गाडी उभी. भिंतीवर बायकोचा फोटो, हार घातलेला. काका खुर्चीत. मी बसले आणि सरळच विचारलं, "काका, माझं काय चुकलं?"

"तुमचा काय चुकाचा नाय ताई."

"मला खोटं सांगू नका. मी घड्याळजीची मुलगी आहे."

त्यांनी हात लांब करून रुळावरची गाडी चाचपली. स्मिता स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. मग म्हणाले, "लाल डबो मागे आसा की नाय, ह्या माका कळत नाय आता."

आणि हळूहळू सगळं बाहेर आलं. त्यांचं लग्न होऊन चार-पाच वर्षं झाली असतील. गणपती यायचे होते, मखराला जागा हवी म्हणून बायकोने फळीवरची गाडी उतरवली, आणि लाल डबा तिच्या हातून खाली पाट्यावर पडला. चाकाचा टवका उडाला. काका घरी आले, चाक बघितलं, आणि चार पाहुण्यांदेखत तिला बोलले. एक चाक सांभाळता येत नाही म्हणून.  गणपती विसर्जन होईपर्यंत ती नवऱ्याशी एक शब्द बोलली नाही. मग एका संध्याकाळी काकांनी गाडी लावली. लाल डबा टिकटिक करत निघाला, आणि आतून, स्वयंपाकघरातून, तिचा आवाज आला, "ऐकलात मा? इलो माझो डबो!"

"तेव्हापासून तो तिचो डबो," काका म्हणाले. "मी गाडी लावली की ती आतसून वरडायची. रोज. पोरां झाली, पोरांची लग्नां झाली, तरी. ती गेली, मगे मीच मनात म्हणूचंय. आधी फोटो दिसायचो. आता फोटोय दिसणा नाय. तेवढी टिकटिक होती."

"मग त्या दिवशी मला सांगितलं का नाही?" माझा आवाज चढला, कारण मला रडू येत होतं.

"काय सांगू? चाक खराब आसा, खराबच ठेवा, असा मी सांगू? मी? जन्मभर साहेबांशी भांडून मी खराब चाकां काढूक लावली!"

 मी त्या कॉटशी बसले आणि खूप वाईट वाटून घेतलं. बाबांचा तो कारकून माझ्या डोळ्यांसमोर आला, पाच मिनिटं हरवलेला. घड्याळजीची मुलगी मी, आणि दुसऱ्याच्या घरातली टिकटिक बंद पाडून, वर डब्याखाली मिरवत लिहून आले होते, 'गोल केलं'. लेथवरून उतरलेला चुरा मी त्याच संध्याकाळी केराच्या डब्यात झटकला होता. तो टवका काही परत येणार नव्हता.

"काका," मी म्हणाले, "चाक मी परत खराब करते. तुम्ही ऐकून सांगा."

ते चमकले. "जमात?"

"चांगलं करायला जमतं, तर बिघडवायला जमणार नाही?"

म्हणाले खरी, पण कानस हातात घेतली आणि चाकाला टेकवून तशीच धरून बसले. इतक्या वर्षांत मी एकही धड चाक मुद्दाम बिघडवलेलं नाही. बाबा वरून बघत असते तर काय म्हणाले असते, कोण जाणे. डोळे मिटून कानशीचा एक हात मारला. डबा रुळावर ठेवला, स्मिताने बटण फिरवलं. काहीच नाही. दुसरा हात. आता बारीक काहीतरी ऐकू आलं.

"पाल चुकचुकता तसा वाटता," काका म्हणाले. "हिचा ठणठणीत होता."

आणखी थोडं. आता डबा जोरात ठोके द्यायला लागला. म्हटलं, गेलं, जास्त झालं. काका म्हणाले, "हा दार वाजवता. ती दार वाजवणारी नव्हती. सांगून येणारी होती." मग मी कडा जरा मऊ केल्या, पॉलिशच्या बारीक कागदाने. काका दरवेळी चाक हातात घ्यायचे, नखाने टिचकी मारायचे, कानाशी धरायचे आणि परत द्यायचे. "हूं. जरासा." "हूं. आणि जरासा." मी आयुष्यात एवढं कडक गिऱ्हाईक बघितलं नाही. दुपारचा चहा झाला, तो निवला, दुसरा झाला. अकराव्यांदा की बाराव्यांदा डबा रुळावर ठेवला. टिक, टिक, टिक, टिक.

काकांनी मान वळवली. गाडीकडे नाही, स्वयंपाकघराकडे.

तिथे स्मिता उभी होती, पदराने डोळे पुसत.  गाडी पाच-सहा फेऱ्या फिरली.

"तोच आहे ना, काका?" मी विचारलं.

"अगदी तोच नाय," ते म्हणाले. मी कानस उचलायला गेले, तर त्यांनी माझा हात धरला. "ऱ्हवांदे, बाय. एवढ्या वर्षांत तिचोय आवाज थोडो बदललोच असतो."

मग जेवूनच जा म्हणाले. बांगड्याची आमटी होती, काका दोनदा भात घेऊन जेवले. जेवताना गाडी चालूच होती, आणि कोणी बंद करा म्हणालं नाही.

निघायच्या आधी मी लाल डबा उलटा केला. 'गोल केलं' या अक्षरांवर सुईने आडवी रेघ मारली. मी काही आता फार वर्षं लेथवर बसणार नाही, काकाही ऐंशीच्या पुढचे. डबा पुढे कोणाच्या तरी हातात जाईल, आणि तो कोणीतरी माझ्यासारखाच हुशार निघेल, याची मला खात्री आहे. काकांना विचारलं, "काय लिहू?" त्यांनी सांगितलं, मी जमेल तेवढ्या बारीक अक्षरांत तसंच लिहिलं आणि त्यांचं बोट धरून त्यावरून फिरवलं.

'ह्या चाक बरा आसा. हात लावू नये.'